खुलासा: दाताच्या दवाखान्यात बीपी-शुगर कशाला?

‘दात काढायला गेलात तर बीपी, शुगर तपासू देऊ नका, बिल वाढवायचा धंदा आहे’ असा मेसेज फिरतोय. मी दातांचीच डॉक्टर आहे. हे खरं नाही.

भुलीच्या इंजेक्शनात बहुतेकदा ॲड्रेनालिन असतं, त्याने बीपी चढू शकतं. वरचा आकडा 180 किंवा खालचा 110 च्या पुढे दिसला, तर घाईचं नसलेलं काम आम्ही सहसा पुढे ढकलतो. शुगर ताब्यात नसेल तर दात काढलेली जखम लवकर भरत नाही, हिरड्यांत पू होतो. आणि हिरड्यांचा जुना आजार शुगरही चढती ठेवतो. दात हलतोय म्हणून आलेल्या माणसाला मधुमेह असल्याची पहिली शंका आमच्याच खुर्चीत येते, असंही होतं.

हो, बोटाच्या एका थेंबावरून निदान होत नाही. त्यासाठी लॅबमधली एचबीएवनसीसारखी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी) तपासणी लागते, 6.5 टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, तोही सहसा पुन्हा तपासून. बीपी तर नुसत्या ड्रिलच्या आवाजाने वाढतं! म्हणून पाच मिनिटं शांत बसवून परत मोजतो.

खर्चाची शंका असेल तर आधी विचारा, पण तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.