टेक एकच, पण त्याआधी?

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की फोंड्याच्या आमच्या भजनी मंडळींत एक मजकूर हटकून फिरतो: 'पूर्वी गाणं एका टेकमध्ये, एका दमात रेकॉर्ड व्हायचं. संगीतकाराला चाल सुचायची, वादक वाजवायचे, संपलं. आता स्टुडिओत कॉम्प्युटरवर तुकडे चिकटवतात. तिथे संगीत घडतच नाही, बघायचं काय?'

एका टेकचं अर्धंच खरं. सगळे एकाच हॉलमध्ये एकदम वाजवत, म्हणून एकाचा सूर घसरला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. त्याआधीच्या तालमी आणि बाद झालेले टेक तबकडीवर ऐकू येत नाहीत, इतकंच.

चाल सुचली की झालं, हा मजकूर तरी गोंयकारांनी पुढे पाठवू नये. मुंबईच्या हिंदी सिनेमात संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. व्हायोलिनचे थर, कडव्यांमधले तुकडे रचून स्वरलिपीत उतरवणाऱ्या अरेंजरांत आपली माणसं किती! सेबास्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. अनेक गोमंतकीय वादक स्वरलिपी वाचायला शिकले ते चर्चच्या शाळांत.

चिकटवाचिकटवी कॉम्प्युटरच्या आधीची. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'मध्ये १९६६ साली वेगळ्या लयीचे, वेगळ्या पट्टीचे दोन टेक टेपचा वेग बदलून जोडले होते. गायकाचा चुकलेला सूर सुधारणारं सॉफ्टवेअर, ऑटो-ट्यून, आलं १९९७ साली. त्याच्या अतिवापराची तक्रार मला मान्य आहे, पण ते गाऊन झाल्यानंतरचं काम.

आणि बघायचं काय? घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याच्या एका तोंडाला कातडं लावलेलं आपलं गोव्याचं तालवाद्य, रेकॉर्ड होताना बघा. घोरपडीचं कातडं कायद्याने बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. पावसाळ्यात ते सैल पडतं, एसीच्या कोरड्या हवेत ताणतं, आणि सकाळी गाण्याशी जमलेलं घुमट दुपारी जमेनासं होतं. मग गाण्याची पट्टी बदलायची की घुमट थोडा वेळ बाहेर नेऊन ठेवायचं, यावर वाद. वादकाचा डावा हात मडक्याच्या उघड्या तोंडावर असतो. तो झाकला-उघडला की घुमारा बदलतो. म्हणून एक माइक कातड्याकडे, दुसरा तोंडाकडे. त्या दुसऱ्या माइकात घुमारा इतका भरतो की बेस गिटारला जागाच उरत नाही. बेसवाला चार स्वरांचे दोन करतो. कडव्याच्या तोंडाशी अचानक मोकळीक होते, गायिका तिथे सुरांची एक छोटी नक्षी, एक हरकत घेऊन बघते, आणि काचेअलीकडून संगीतकार ओरडतो, "हेच ठेव!" ती हरकत कोणाच्याही वहीत नव्हती. एरवी तिथे चाल बदलल्याचं कळलंही नसतं.

कंटाळा मात्र येतो. केबल, हेडफोन, 'परत एकदा', चहा. जायचंच असेल तर मिक्सिंगच्या, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज एकत्र जुळवण्याच्या, दिवशी जाऊ नका, तेव्हा एक माणूस तासन्‌तास एकाच ड्रमचा आवाज ऐकत बसलेला असतो. वादक बसणार असतील त्या दिवशी, आधी विचारून जा. आणि मध्येच 'वा!' म्हणू नका, माइक चालू असतो.