सव्वातीनशे ग्रॅम

गेल्या रविवारी सकाळी माझ्या चार महिन्यांच्या बागकामाचे वजन झाले आणि ते 340 ग्रॅम भरले. वजन करणारा गृहस्थ म्हणजे आमच्या गल्लीत रोज ठेला घेऊन येणारा भाजीवाला, आणि हे काम त्याला कोणीही सांगितलेले नव्हते. आकडा पाहून त्याने टोमॅटोंचे हिरवे देठ एकेक करून खुडले, "डंठल का वजन अपन नी गिनते, बाऊजी," असे म्हणून फळे पुन्हा काट्यावर ठेवली, तेव्हा तो 325 वर आला. त्या पंधरा ग्रॅमांचा राग अजून गेलेला नाही.

आधीची हकीकत फारशी रम्य नाही. इंदूरच्या रामबागेत आमचे घर आहे आणि त्याच्या गच्चीवर मी ऑक्टोबरच्या अखेरीस टोमॅटोची रोपे लावली. डिसेंबरात फुले आली आणि गळली, कारण रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली घसरला की टोमॅटो फळ धरायला तयार होत नाही. जानेवारीत जी काही फळे धरली ती पिकायला लागली, आणि नेमके तेव्हाच आम्हांला पुण्याला भाच्याच्या लग्नासाठी आठ दिवस जावे लागले. ज्या शेजारच्या काकूंना कुंड्यांना पाणी घालायला सांगितले होते, त्यांनी आभाळ भरून आलेले पाहून, पाऊस येणारच आहे तर उगाच जिने कशाला चढा, असा विचार केला. पाऊस आला, पण आम्ही परतलो त्या रात्री. आमच्याकडे या अवेळी पावसाला मावठा म्हणतात. मोबाइलने त्याची शक्यता दहा टक्के वर्तवली होती आणि मी उरलेल्या नव्वद टक्क्यांच्या भरवशावर स्वस्थ झोपलो होतो. सकाळी वर जाऊन पाहिले, तर सातच्या सात टोमॅटो देठापासून खालपर्यंत उकलले होते.

ते मी परडीत घालून खाली आणले, कारण उकललेले का असेनात, घरचे होते आणि कोणाला तरी दाखवायचे होते. बायको दारात ठेल्याशी उभी होती. रविवार असल्यामुळे पोहे व्हायचे होते आणि पोह्यांवर घालायला कोथिंबीर नव्हती. खरे तर तीही माझ्या खात्यातली वस्तू आहे. एका धण्यात दोन बिया असतात म्हणून मी धणे चपलेखाली हलकेच रगडून, त्यांच्या फाका करून, रात्रभर भिजवून पेरले होते. कोथिंबीर वीतभर झाली आणि फेब्रुवारीत चार दिवस ऊन तापताच पाने आखडून, दांडा फेकून, थेट फुलावर गेली. गच्चीवर आज पांढऱ्या फुलांचा सुरेख ताटवा आहे, पण तो पोह्यांवर भुरभुरता येत नाही.

भाजीवाल्याने परडीतला एक टोमॅटो उचलला, चिरेवरून अंगठा फिरवला आणि वैद्याने नाडी सोडून रोग्याच्या नातेवाइकांकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

"आठ दिन प्यासा रखा, फिर एकदम से पिला दिया?"

निदान अचूक होते, आणि मला सर्वांत जास्त झोंबले ते हेच. कोरडे दिवस गेले की फळाची साल ताठ होते, मग एकदम मिळालेल्या पाण्याने आतला गर फुगतो आणि सालीला तितके ताणता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. हे पाणी मी पाजले नसून आभाळाने पाजले, असे मी त्याला शक्य तितक्या संयमाने समजावून सांगितले.

"आसमान तो सबका एक है, बाऊजी. मेरे टमाटर काय को नी फटे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते. त्याच्या ठेल्याखाली गोणपाटाने झाकलेली एक टोपली मला दिसत होती आणि तिच्यात उकललेले, दबलेले, एका अंगाने हिरवे असे टोमॅटो होते. मी विजयी मुद्रेने तिकडे बोट दाखवले. त्याने जराही न ओशाळता गोणपाट बाजूला सारले आणि म्हणाला, "वो तो चटनी का माल है. उसका भाव अलग." एवढे बोलून त्याने माझ्या मालाचे वजन केले, वर सांगितल्याप्रमाणे देठ खुडले आणि सातही टोमॅटो त्या टोपलीत ओतले. मोबदल्यात त्याने बायकोच्या हातावर कोथिंबिरीची एक जुडी ठेवली. अर्धा किलो फ्लॉवर घेतला तर हीच जुडी तो एरवी फुकट देतो. बायकोने ती घेतली! वर "अहो, तसेही ते आज संध्याकाळपर्यंत नासलेच असते," असे मला समजावलेही.

मी गप्प राहिलो नाही. मी मातीविषयी बोललो. माळव्याची काळी माती कापसाला आणि गव्हाला लाख चांगली असेल, परंतु कुंडीत ती ओली झाली की फुगते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होऊन भेगाळते, म्हणून तिच्यात खत मिसळावे लागते. आणि खताच्या बाबतीत तर हे गाव साऱ्या जगाचे गुरू आहे. 1924 साली येथे अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पती संशोधनाची संस्था काढली. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते अधूनमधून चाळवून, तीन महिन्यांत खत करण्याची जी रीत हॉवर्ड यांनी बसवली, ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते, आणि 1931 साली यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी ती पुस्तकरूपाने मांडली. आमच्या घरी मात्र सकाळी कचऱ्याची गाडी आली की बायको ओला कचरा तिच्यात टाकायला धावते, आणि मी तिच्या आधी भाज्यांची साले पळवून गच्चीवर नेतो. स्वच्छतेत देशात पहिला येणाऱ्या गावात घरी साले साठवणारा माणूस कसा दिसत असेल, याची मला कल्पना आहे. एवढे ऐकून घेतल्यावर भाजीवाल्याने विचारले, "और कुछ लेना है?"

कुंड्या, शेणखत, निंबोळी तेल आणि रोपवाटिकेने हायब्रीड म्हणून दिलेली रोपे यांचा खर्च मी लिहून ठेवला आहे, पण त्याला सव्वातीनशे ग्रॅमांनी भागण्याचे धैर्य झालेले नाही. शेतात गारपीट झाली की पंचनाम्याला निदान पटवारी येतो, माझ्याकडे भाजीवाला आला. शिवाय हवामानाविषयी हौशी माणसाने तक्रार केली की लोक हसतात. डिसेंबरात थंडीने फुले नेली, फेब्रुवारीत उन्हाने कोथिंबीर नेली आणि शेवटी पावसाने टोमॅटो फोडले, आणि यातले एकही माझ्या हाताने झालेले नसताना प्रत्येक जण मलाच विचारतो की, पाणी वेळेवर घालत होता ना.

हे बोलणे चालू असताना शेजारच्या काकू पिशवी घेऊन आल्या, त्यांनी गोणपाटाखालच्या टोपलीतून किलोभर टोमॅटो निवडून घेतले आणि "आज बरे स्वस्त मिळाले," असे मला सांगून गेल्या. त्यांतले सात मी लांबून ओळखले, कारण त्यांना देठ नव्हते.

संध्याकाळी त्यांच्याकडून वाटीभर चटणी आली. चव उत्तम होती. कोथिंबीर तेवढी कमी पडली होती.