‘कमी केलीय, आता दिवसाला दोनच’

हे वाक्य कानावर पडलं की समोरच्याला शाबासकी द्यायची आपल्याकडे रीत आहे. बायको देते, मित्र देतात, गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही ‘चांगलंय, चांगलंय’ म्हणून पुढचा केसपेपर ओढतात. माझ्या मते सिगारेटच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी शाबासकी हीच. पाकीटभर ओढणारा निदान मनात धास्तावलेला तरी असतो. दोनवाला निर्धास्त असतो, आणि निर्धास्त माणूस वीस-वीस वर्षं ओढत राहतो.

आधी हृदयाचं बघू. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ पाहण्यांची आकडेवारी एकत्र करून एक विश्लेषण आलं. साधा प्रश्न होता: रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्यातला किती रोज एकच ओढणाऱ्याच्या वाट्याला येतो? आपण म्हणू, विसावा हिस्सा, म्हणजे पाच टक्के. उत्तर आलं पुरुषांत जवळपास निम्मा आणि बायकांत साधारण एक तृतीयांश. वीसवरून एकवर येण्यासाठी माणसाने जिवाचा आटापिटा केला, आणि हृदयाने फक्त अर्धी सूट दिली.

असं का होतं? रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर आणि रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) थोड्याशा धुरालाही लगेच उत्तर देतात. अस्तर आखडतं, प्लेटलेट्स चिकट होतात. ही प्रक्रिया पहिल्या एक-दोन सिगारेटींतच बरीचशी होऊन जाते, पुढच्या अठरा तिच्यात त्या मानाने थोडीच भर घालतात. जिन्याची पहिलीच पायरी कमरेइतकी उंच आणि वरच्या सगळ्या बुटक्या, असा काहीसा हा आलेख आहे.

फुप्फुसाच्या कॅन्सरचं गणित वेगळं. तिथे रोजच्या नगांना किंमत आहेच, पण त्याहून जास्त किंमत वर्षांना आहे. रोज पाकीटभर, पण वीसच वर्षं ओढणाऱ्यापेक्षा रोज अर्धं पाकीट चाळीस वर्षं ओढणारा जास्त अडचणीत असतो. एकूण सिगारेटी दोघांच्या सारख्याच भरल्या तरीही. म्हणजे नग कमी करून वर्षं वाढवत नेणं हा दोन्हीकडून तोट्याचा सौदा.

त्यात आणखी एक मेख. शरीराला निकोटिनचा आपला कोटा पक्का ठाऊक असतो. नग कमी झाले की झुरका आपोआप खोल जातो, धूर जास्त वेळ आत धरला जातो, सिगारेट पार फिल्टरला टेकेपर्यंत ओढली जाते. ‘लाइट’ सिगारेटचं गौडबंगालही असंच. तिच्या फिल्टरभोवती बारीक भोकांची एक रांग असते. तिच्यातून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो. कंपनीचं मोजणी-यंत्र ती भोकं झाकत नाही, म्हणून टार, म्हणजे धुरातला डांबरासारखा चिकट अंश, कमी दिसायचं. माणसाची बोटं आणि ओठ नेमके त्या रांगेवरच बसतात.

आता बिडी. ‘आमची बिडी बरी, पानातली तंबाखू, कागद नाही, केमिकल नाही’, हे गोंदिया-भंडाऱ्यापासून सिन्नरपर्यंत कुठेही ऐकायला मिळेल. एक बिडी हातात घेऊन नीट बघा. टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं, वाळलेलं पान, आत तंबाखूचा चुरा, टोकाला दोरा. तंबाखू सिगारेटच्या साधारण पाव हिश्श्याइतकी. पण त्या पानातून हवा नीट खेळत नाही, आणि दम मारायचं थांबलं की बिडी विझते. ती पेटती ठेवायची तर मिनिटाला जास्त झुरके मारावे लागतात, तेही ओढून, छाती भरून. फिल्टर नाहीच. तेव्हा एवढ्याशा तंबाखूतून निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या तोडीस तोड मिळतं, बऱ्याचदा जास्तच.

याचं आयुष्यात रूपांतर किती होतं, तेही आपल्याच देशात मोजलेलं आहे. डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ लाख घरांमधल्या मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी घटलं, बिडी ओढणाऱ्या बायकांचं ८ वर्षांनी, आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं १० वर्षांनी. ‘थोडीशीच’वाल्यांसाठीही त्यात आकडा आहे. दिवसाला १ ते ७ बिड्यांनी मृत्यूचा धोका साधारण सव्वापट झाला, १ ते ७ सिगारेटींनी जवळपास दुप्पट. शिवाय हे मृत्यू नुसते कॅन्सरचे नव्हते. आपल्याकडे बिडी-सिगारेट क्षयरोगाच्या हातात हात घालून मारते. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल आणि तो अजून ओढत असेल, तर ‘दोनच ओढतो’ हे ऐकून गप्प बसू नका.

(महाराष्ट्र म्हणेल, आमच्याकडे ओढणारे कमी. खरं आहे. २०१६-१७ च्या ‘गॅट्स’ या प्रौढांच्या तंबाखू-सवयींच्या पाहणीत राज्यात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, देशात १०.७. पण कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे राज्यात २६.६ टक्के. आपण पेटवत नाही, मळतो आणि मशेरी लावतो. त्यावर वेगळी पोस्ट लागेल.)

मिनिटांचा हिशेब व्हॉट्सॲपवर फिरतोच: एक सिगारेट म्हणजे ११ मिनिटं कमी. तो २००० सालचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी अलीकडे नव्याने मांडला तेव्हा सरासरी २० मिनिटं निघाली, पुरुषांना १७ आणि बायकांना २२. मला या हिशेबाचा राग येतो, कारण ऐकणारा लगेच म्हणतो, ‘जाऊ दे की, शेवटची अंथरुणातली दहा वर्षंच जातील ना!’ तसं होत नाही. आजारपणाची वर्षं तेवढीच राहतात, ती फक्त अलीकडे सरकतात. कापली जातात ती मधली, धडधाकट वर्षं. साठीतल्या ओढणाऱ्याची तब्येत न ओढणाऱ्या सत्तरीतल्या माणसासारखी असते, असा त्याचा सरळ अर्थ.

‘पण माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.’ कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला, तेव्हापासून ‘माझा ऑक्सिजन ९८ आहे’ हा नवा दाखला सुरू झालाय. बोटावरचं ते साधं यंत्र ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखत नाही, दोन्ही लालच दिसतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. म्हणजे तुमच्या ९८ मध्ये थोडा धूरही मोजलेला असतो. छातीचा एक्स-रेही सुरुवातीची झीज दाखवत नाही.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक ओढणाऱ्याने एक तपासणी मात्र मागून करून घ्यावी: स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती पूर्ण भरून घ्यायची आणि जीव खाऊन फुंकायचं, निदान सहा सेकंद. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, यांचं गुणोत्तर बघतात. श्वासनलिका रुंदावणारं औषध दिल्यावरही ते ०.७ च्या खाली राहिलं तर नळ्या कायमच्या अरुंद व्हायला लागल्या, असं समजतात. चूक होते ती इथेच: अर्ध्या भरलेल्या छातीने फुंकतात नाहीतर तीन सेकंदांत सोडून देतात, आणि रिपोर्ट निरर्थक येतो. तीन चांगले फुंकर मिळेपर्यंत तंत्रज्ञाने ओरडून करवून घ्यायला हवं.

पहिल्या सेकंदाची ही हवा वयानुसार सगळ्यांचीच कमी होते, वर्षाला साधारण ३० मिलिलिटर. ज्यांच्या फुप्फुसांना धूर बाधतो, त्यांची ६० किंवा त्याहून जास्त. सिगारेट सोडली की घटण्याची गती पुन्हा तिशीच्या आसपास येते. गेलेली हवा परत मिळत नाही, गळती तेवढी थांबते. म्हणून सोडल्याची तारीख महत्त्वाची, ‘कमी केल्याची’ नाही.

तारखेची किंमत ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल यांनी दाखवून दिली. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांना सवयी विचारल्या आणि ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग ठेवला. सतत ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी भरलं. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याने त्यातली ३ वर्षं परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९, आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ सगळी. डॉल स्वतःही ओढायचे. आपलेच आकडे बघून त्यांनी सोडली आणि ९२ व्या वर्षी गेले.

सोडायची कशी, हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. ‘मनावर घे, सुटेल’ एवढ्यावर काम भागवतात. नुसत्या मनोबलावर सोडणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन ते पाच सहा महिन्यांनंतर टिकलेले असतात. मन दुबळं म्हणून नव्हे, मेंदूत निकोटिनची जागा रिकामी झाली म्हणून.

ती जागा धुराविना भरायला दुकानात २ मिलिग्रॅमची निकोटिन गम सहज मिळते आणि तिची बदनामीही सहज होते: ‘घेतली, उचकी लागली, घशात जळजळ झाली, फेकून दिली.’ कारण ती च्युइंगगमसारखी चघळली. पद्धत अशी. चार-पाच वेळा सावकाश चावा. तिखट, झिणझिण्यांची चव आली की थांबा आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवा. चव गेली की पुन्हा चावा, जागा बदला. एक गम अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं, लाळेबरोबर पोटात गेलं की वाया जातं आणि उचकी लागते. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कॉफी, कोला, लिंबू सरबत नको, आंबटाने शोषण मंदावतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर २ मिलिग्रॅम पुरत नाही, डॉक्टरांना ४ विचारा. पहिले सहा आठवडे तलफेची वाट न बघता दर एक-दोन तासांनी एक. दिवसाला तीन-चारच चघळणारे नेमके दुसऱ्या आठवड्यात टपरीवर परत दिसतात.

रोज दहाच्या वर ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि वर तलफेला गम ही जोडी एकट्या गमपेक्षा चांगली चालते. गोळ्याही आहेत. व्हॅरेनिक्लिन सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, बारा आठवडे घेतात. ब्युप्रोपियन फिट येणाऱ्यांना चालत नाही. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

आता अशा दोन गोष्टी ज्यांवर माणसं हमखास घसरतात. पहिली, ‘सकाळची ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हा बहाणा नाही. निकोटिनने आतडं हलतं, आणि सोडल्यावर काही आठवडे खरोखर बद्धकोष्ठ होतं. तारखेच्या आदल्या रात्रीपासून इसबगोल, भरपूर पाणी, सकाळी गरम पाणी आणि फेरी. काही आठवड्यांत आतडं आपलं आपण शिकतं.

दुसरी, चहा. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन झपाट्याने मोडतं. सोडली की हा वेग मंदावतो, आणि तेच पाच कप रक्तात जास्त चढतात. छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड होते. माणूस म्हणतो, ‘बघा, सिगारेट सोडल्याने त्रास होतोय’, आणि पेटवतो. पहिल्याच दिवसापासून चहा निम्मा करा. दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असेल तर तिचंही असंच होतं, डोस बदलावा लागू शकतो, म्हणून सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. मानसिक आजाराच्या काही औषधांना हेच लागू.

खोकला सुरुवातीला वाढेल. श्वासनलिकेतले झाडूवाले केस पुन्हा कामाला लागतात, साठलेलं वर ढकलतात. वजन वर्षभरात चार-पाच किलो वाढू शकतं, पण त्यासाठी सिगारेट ठेवणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं. तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते, पण एक लाट पाचेक मिनिटांत ओसरते.

आणि सुटी सिगारेट. सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात सुटी विकायला बंदी आहे, तरी टपरीवर मागितली की मिळते. ‘दोनच’वाल्यांचं सगळं दुकान तिच्यावर चालतं. पाकीट घेतलं असतं तर त्यावरची ८५ टक्के जागा व्यापणारं धोक्याच्या इशाऱ्याचं चित्र दिसलं असतं आणि खालचा नंबरही: १८००-११-२३५६. तंबाखू सोडायला मदत करणारी केंद्र सरकारची मोफत फोनसेवा, क्विटलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. सोडण्याची तारीख ठरवून देतात, पुढे फोन करून विचारतातही. सोमवारी मात्र बंद असते. तेव्हा तारीख सोमवारची धरू नका, मंगळवारची धरा.