मिक्सरमध्ये फिरवल्याने फळाचं विष होत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि योगवर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्मूदी बोल, म्हणजे फळं मिक्सरमध्ये घट्टसर वाटून, वर दाणे-बिया घालून चमच्याने खायची वाटी, हे गोड विष आहे. मिक्सरमध्ये फळातलं फायबर मरतं आणि साखर ज्यूससारखी थेट रक्तात जाते. आंबा, केळं, अननस तर मधुमेहाला आमंत्रणच. केळं घातलं की बाकी फळांचं पोषण नष्ट होतं, 'हे अमेरिकेत सिद्ध झालंय'. फळाबरोबर दाणे-बिया खाल्ल्या की फळ पोटात सडतं. दूध-दही नसेल तर प्रोटीन शून्य. आणि शेवटी, हे परदेशी खूळ आहे, महागड्या सामानाशिवाय जमत नाही.

हा मेसेज वाचून साठी-सत्तरीतल्या लोकांनी पपई आणि पेरूसुद्धा बंद केल्याचं मी बघते आहे. म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

फायबरपासून सुरुवात करू. मिक्सरचं पातं फायबरचे तुकडे बारीक करतं, ते नाहीसं करत नाही. ज्यूसवाला चोथा गाळून फेकतो तेव्हा फायबर जातं. बोलमध्ये काहीच गाळलं जात नाही, भांड्यात घातलेलं सगळं वाटीत उतरतं. २०२२ साली 'न्यूट्रिएंट्स' या नियतकालिकात निरोगी तरुणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सफरचंद आणि ब्लॅकबेरी एकदा अख्खी आणि एकदा मिक्सरमधून काढून दिली, तर मिक्सरमधून काढलेल्या फळांनंतर रक्तातली साखर उलट कमी चढली. बिया भरडल्या गेल्याने त्यातलं फायबर मोकळं झालं असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा प्रयोग लहान आहे आणि मधुमेही लोकांवरचा नाही, त्यामुळे 'वाटा आणि निर्धास्त खा' असा त्याचा अर्थ मी काढणार नाही. पण 'वाटलं की विष' हे त्याने नक्कीच खोटं ठरतं.

मेसेजच्या या मुद्द्यात एक खरा धागा आहे, तोही सांगते. १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात अख्खं सफरचंद, सफरचंदाचा वाटलेला गर आणि गाळलेला रस यांची तुलना होती. पोट सर्वांत जास्त भरलं अख्ख्या फळाने, त्याखालोखाल गराने, सर्वांत कमी रसाने. गर आणि रस दोन्हींनंतर इन्शुलिनही अख्ख्या फळापेक्षा जास्त वाढलं. ब्रिटनमध्ये तर स्मूदीतली साखर ज्यूसमधल्या साखरेच्याच रांगेत मोजतात. तेव्हा अख्खं फळ चावून खाणं हे सर्वांत उत्तम, यात वाद नाही. पण म्हणूनच ग्लासातल्या स्मूदीपेक्षा वाटीतली बरी. ती चमच्याने खावी लागते, वर दाणे आणि फळाच्या फोडी असतात, त्या चावाव्या लागतात आणि दोन घोटांत संपत नाहीत.

आता साखर. शंभर ग्रॅम आंब्यात साधारण १४ ग्रॅम साखर असते, तेवढ्याच केळ्यात १२, अननसात १०, पेरूत ९ आणि पपईत ८ ग्रॅमच्या आसपास. अर्धं केळं आणि शंभर ग्रॅम आंबा घातला तर २० ग्रॅमच्या जवळपास होते, तीही फायबरसकट. खरी गडबड पुढे आहे. मेसेज फळांची भीती घालतो आणि शेवटी 'गोडीसाठी साखरेऐवजी दोन मोठे चमचे मध किंवा गूळ घाला, ते नैसर्गिक आहे' असा सल्ला देतो! दोन मोठे चमचे मध म्हणजे ३४ ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या सूचनेनुसार दिवसभरातली वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, आणि मध त्यात मोजला जातो. अख्ख्या फळातली साखर त्यात येत नाही. कॅफेतला बोल महागात पडतो तोही याचमुळे: तळाला पॅकबंद ज्यूस, वर गोड ग्रॅनोला (भाजलेल्या ओट्स-दाण्यांचं मिश्रण) आणि त्यावर मधाची धार. दोष द्यायचा तर याला द्या. शिवाय संपूर्ण वनस्पतीजन्य म्हणवणाऱ्या वाटीत मध बसतही नाही.

मधुमेह असेल तर फळ बंद करायचं नसतं, मापात घ्यायचं असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला १०० ग्रॅम फळ सांगितलं आहे. अशा माणसाने आंब्या-केळ्याऐवजी पेरू आणि पपईवर भर द्यावा, वाटी लहान घ्यावी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी साखर मोजून बघावी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र केळं, नारळपाणी यांतल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नये.

केळ्याबद्दलचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे खरं संशोधन आहे आणि मेसेजने त्याचं भलतंच करून ठेवलंय. २०२३ साली 'फूड अँड फंक्शन'मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं की केळ्याच्या स्मूदीनंतर शरीरात फ्लॅव्हनॉल्स नावाची द्रव्यं, तुलनेसाठी दिलेल्या फ्लॅव्हनॉल्सच्या कॅप्सूलपेक्षा ८४ टक्के कमी पोचली. कापलेलं केळं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, तेच इथे कारणीभूत. पण फ्लॅव्हनॉल्स हा पोषणाचा एक छोटा गट आहे आणि तो मुख्यतः कोको, बेरी, सफरचंद, द्राक्षं यांत असतो. पपईतलं कॅरोटीन, पेरूतलं सी जीवनसत्त्व, जवसातलं ओमेगा-३ केळं खाऊन टाकतं, असं त्या अभ्यासात कुठेही नाही. कोको किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी त्यातल्या फ्लॅव्हनॉल्ससाठीच खायची असेल तर त्या दिवशी केळ्याऐवजी आंबा किंवा अननस वापरा. विषय तेवढाच आहे.

फळ पोटात सडतं, यात तथ्य नाही. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की तिथे सडण्याची क्रिया चालत नाही, आणि मिश्र जेवण पचवायलाच आपली पचनसंस्था बनलेली आहे. दाण्यांमुळे पोट जरा सावकाश रिकामं होतं, त्याने साखरही सावकाश चढते, म्हणजे फायदाच.

प्रोटीनचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. नुसती फळं आणि नारळाचं दूध घेतलं तर प्रोटीन खरोखर नगण्य असतं, बाजारातल्या बदामदुधातही फारसं नसतं, आणि नारळाच्या घट्ट दुधात संपृक्त चरबी बरीच असते, ते दोन चमच्यांपुरतंच ठेवावं. पण उपाय आपल्या फडताळात आहे. दोन मोठे चमचे दाण्याचं कूट म्हणजे ५ ग्रॅम प्रोटीन, मूठभर फुटाण्यांचं पीठ म्हणजे ४ ग्रॅम आणि दीडशे मिलिलिटर बिनसाखरेचं सोयादूध म्हणजे आणखी ५. ही बेरीज पेलाभर दुधाच्या दुप्पट होते. भिजवलेल्या हळिवात लोह असतं आणि पेरूतलं सी जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं, त्यामुळे ही जोडी मुद्दाम जमवावी. बी-१२ मात्र यातून मिळणार नाही. पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांना ते गोळीतून किंवा पोषणवर्धित पदार्थांतून घ्यावंच लागतं.

राहिलं 'परदेशी खूळ'. कॅफेतल्या बोलमध्ये घालतात ते आसाई हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या ताडाचं फळ. तिथल्या लोकांनी ते जरूर खावं, आपल्याला त्याची भुकटी मागवण्याची गरज नाही. मंडईत जळगावची केळी आणि पपई, मोसमात कोकणचा हापूस, पुरंदरची सीताफळं सगळं मिळतं. पेरूची 'सरदार' ऊर्फ लखनौ-४९ ही देशभर लावली जाणारी जात १९२७ साली पुण्यातच, गणेशखिंडीच्या फळबागेत निवडली गेली. चिया या परदेशी बियांऐवजी सब्जा चालतो, नसेल तर जवस भाजून कुटून घाला.

महागडा ब्लेंडरही लागत नाही, घरचा मिक्सर पुरतो. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या आणि पपईच्या फोडी ताटलीत सुट्या पसरून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढून पाच-सात मिनिटं थांबा, नाहीतर मिक्सरची मोटर तापते. चटणीचं लहान भांडं घ्या, त्यात थोडी थोडी फळं आणि तीन-चार चमचेच सोयादूध घाला. सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा आणि मधे चमच्याने खालीवर करा. श्रीखंडाइतकं घट्ट झालं की वाटीत काढा. ताजा अननस घातला असेल तर लगेच खा, कारण त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम सोयादुधातलं प्रोटीन तोडतं आणि ठेवलेली वाटी कडवट लागते.