जलदुर्ग बुडवावा कसा?

अभिनंदन! ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा तुम्ही स्टेटस ठेवलंत, डीजेपुढे नाचलात, गाडीच्या मागच्या काचेवरचं स्टिकरही नवं लावलंत. आता अडचण एवढीच की त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग भर पाण्यात आहेत, विजयदुर्गाला तीन बाजूंनी पाणी आहे, आणि समुद्र चढतोय. उद्या नातवाने विचारलं, ‘आजोबा, तुम्ही काय केलंत?’ तर पंचाईत नको. म्हणून हे काही सल्ले.

पहिलं म्हणजे घाई करू नका. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली. वीतभरच की! सिंधुदुर्गाचा तट तीस फुटी. हे गणित मांडून कुठलीही बैठक जिंकता येते. वाढीचा वेग १९७१ पर्यंत वर्षाला १.३ मिलिमीटर होता आणि २००६ नंतर तो ३.७ झाला, हे कुणी काढलंच तर काढू द्या. मिलिमीटरसाठी आजवर कुणी मोर्चा काढलेला नाही. मात्र बैठकीत एखादा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, असेल तर सांभाळा. त्या वितीवर उधाणाची भरती बसते, भरतीवर वादळाची लाट बसते आणि मग ती तटाच्या पायाला नाही तर कमरेला धडक देते, असलं काहीबाही तो सांगू लागेल. त्याला चहा पाजा आणि मासळीचा भाव विचारा.

दुसरं, पद्मदुर्गाला चुकूनही जाऊ नका. मुरूडच्या समुद्रात, जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून महाराजांनी बांधलेला हा किल्ला. यादीत नाही, त्यामुळे जायचं कारणही नाही. गेलात तर तट जवळून दिसेल आणि घोळ होईल. खारा वारा आणि लाटा खाऊन दगड आत गेलेत, कुठे बोटभर, कुठे त्याहून खोल. दोन दगडांमधला चुना मात्र जागचा हललेला नाही. दगड झिजला, सांधा उरला. भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. हे पाहिलं की माणसाला प्रश्न पडतात. तो चुना मळायचे कसा, मुरवायचे किती, आणि ते ठाऊक असलेले गवंडी आता कुठे आहेत? असले प्रश्न अंदाजपत्रकात बसत नाहीत. आपल्याकडे सिमेंट आहे. चुन्याच्या भिंतीत ते बिनधास्त भरा. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मीठ दगडातच साठत जातं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि सिमेंट शाबूत राहून शेजारचा दगड पोपडे धरून सुटतो. म्हणजे थोड्या वर्षांत पुन्हा निविदा. शाश्वत विकास म्हणतात तो हाच.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात तर हलगर्जीची हद्द आहे. बाहेरच्या तटाचे भलेमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, चुन्याचा पत्ता नाही. लाट आपटते, पाणी फटींत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो. तेवढ्या फटी बुजवून घ्या, मार्च एंडच्या आत.

सिंधुदुर्गात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. समुद्राच्या मध्यात गोडं पाणी, याचं कौतुक आपण शाळेपासून करतो. उद्या खारं पाणी आत घुसून साखरबाव खारट झालीच, तर नामांतराचा ठराव घेता येईल. नामांतराला आपल्याकडे कधी निधी कमी पडलेला नाही.

किनाऱ्याची काळजी सरकारने घेतलेली आहेच. २०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने किनाऱ्याजवळच्या बेटांवरचं ना-विकास क्षेत्र, म्हणजे बांधकामाला मनाई असलेला पट्टा, २० मीटरवर आणलं. बरोबरच आहे. समुद्र पुढे येतोय म्हणून आपण मागे हटायचं? मराठे आहोत! वाळू गेलीच तर धूपप्रतिबंधक बंधारा मागा. काळे दगड आपल्या दारात पडतात, वाळू शेजारच्या वाडीची जाते.

पण खरं सांगू का, जुना किल्ला सांभाळण्यात उद्घाटन नसतं. चुना मळताना कोण फीत कापतो? म्हणून नवं काहीतरी बांधायला काढा. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईसमोर अरबी समुद्रात शिवस्मारकाचं जलपूजन झालं. स्मारक अजून पाण्याच्या वर यायचंय, त्यामुळे पातळी कितीही वाढली तरी त्याला धोका नाही. मालवणात ४ डिसेंबर २०२३ ला राजकोटावर पुतळ्याचं अनावरण झालं, २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा पडला. बोट वाऱ्याकडे दाखवलं गेलं. त्याच वाऱ्यात, समोरच्या बेटावर, २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातलेला सिंधुदुर्ग उभा आहे. तिकडे पाठ करून सेल्फी काढा. तोंड करून उभं राहिलं की उगाच तुलना होते.

आणि किल्ला बुडाला तर पर्यटनाचं काय, ही चिंता सोडा. निवतीजवळच्या समुद्रात नौदलाची निवृत्त युद्धनौका गुलदार मुद्दाम बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना सरकारने आखलेलीच आहे. नौका आणा, धुवा, ओढून न्या, बुडवा, केवढा तो खर्च! किल्ला जागच्या जागी, फुकटात जाणार. तुम्ही फक्त तिकीटखिडकी किती उंचावर बांधायची ते आताच ठरवून घ्या, आणि स्कूबाचं कंत्राट भाच्याच्या नावावर करून ठेवा.