चालणारा कॉम्प्युटर भंगारात का घालायचा?

कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: विंडोज १० बंद झालं, २०१८ च्या आधीच्या कॉम्प्युटरवर नवं विंडोज ११ चालत नाही, ते आता धोक्याचे, जुनं हार्डवेअर कंपन्यांनी सांभाळायचं तरी किती, भंगारात द्या आणि नवं घ्या. मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हा मेसेज वाचून चांगली मशिनं विकायला निघालेली माणसं रोज बघतोय, म्हणून लिहितोय.

‘बंद झालं.’ नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचे अपडेट थांबले. पैसे भरणाऱ्या व्यवसायांना ते त्यानंतरही तीन वर्षं मिळणार आहेत. पहिल्या वर्षी मशिनमागे ६१ डॉलर, पुढं दरवर्षी दुप्पट. यंत्रसामग्रीत वापरायच्या विंडोज १० च्या एका आवृत्तीला तर जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट आहेत. म्हणजे दुरुस्त्या तयार होणारच आहेत. त्या तुमच्या मशिनला द्यायच्या की नाही, हा धंद्याचा निर्णय आहे.

‘जुन्यावर नवं चालतच नाही.’ उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमधला कॉम्प्युटर परवा माझ्या टेबलावर होता. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम. आत लोखंडाचा बारीक कीस आणि तेलकट धूळ. ब्लोअर मारला, प्रोसेसरची पेस्ट बदलली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० हे सुरक्षेचं साधन बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, होतं, फक्त बंद होतं. तेही चालू केलं. तरी विंडोज ११ ची तपासणी म्हणते, प्रोसेसर चालणार नाही. मालक म्हणाले, “चालतंय की वो हे! टाकायचं कशाला?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. बरं, सातव्या पिढीच्याही जवळपास सगळ्या प्रोसेसरना नकार आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या कॉम्प्युटरमधला सातव्या पिढीचा आय-७ मात्र २०२१ मध्ये यादीत घेतला गेला. एका चिपला जमतं, तर तिच्या भावंडांना का जमू नये?

‘जुनं म्हणजे असुरक्षित.’ अपडेट नसलेलं मशिन नेटवर ठेवणं धोक्याचंच आहे, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण मग अपडेट द्या! २०१७ च्या मे महिन्यात फायली ओलीस धरून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला, तेव्हा तीन वर्षांपूर्वी सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टनं तातडीनं पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला होता. मनात आलं की होतं.

‘कंपन्यांनी ओझं किती वाहायचं?’ हा मुद्दा खरा आहे. जुना कोड सांभाळायला माणसं लागतात, नव्या सुधारणा अडतात. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमनंही इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ मध्ये काढला आणि ते बरोबरच केलं. पण ३८६ आला होता १९८५ मध्ये. सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले जानेवारी २०१७ मध्ये आणि विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये. एकीकडं सत्तावीस वर्षं, दुसरीकडं पाचही नाहीत. उद्यमनगरात तीस-तीस वर्षं जुने लेथ रोज कामाला उभे राहतात. त्यांच्या मालकाला पाच वर्षांचं मशिन म्हातारं झालं, हे कोणत्या तोंडानं सांगू?

विजेची बचत म्हणाल, तर ती थोडी होईल. पण नवं मशिन बनवताना जी ऊर्जा जाते, ती विजेच्या बिलात दिसत नाही.

त्या वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर लिनक्सचाच एक प्रकार असलेलं लिनक्स मिंट घातलं. हिशोब सीएकडं असतात, ई-वे बिल ब्राउझरमध्ये निघतं, प्रिंटर पहिल्याच झटक्यात ओळखला. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्राला, प्रोग्रॅम पाठवणाऱ्या दुसऱ्या मशिनवर विंडोज १० च ठेवलं आणि त्याची नेटची वायर काढून मालकांच्या हातात दिली.