टॉम रिडलचा डबा

हॅरी पॉटरच्या गोष्टीतला खलनायक व्होल्डेमॉर्ट लहानपणी टॉम रिडल होता. 'अनाथाश्रमात वाढला म्हणून टॉम रिडल क्रूर झाला' हे त्याच्यावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी सोलापुरात वसतिगृहातच वाढले. आई पूर्व भागात विड्या वळायची, रविवारी भेटायला यायची. आमच्या खोलीतली एक मुलगी दुसऱ्यांच्या रिबिनी, खोडरबर पत्र्याच्या पेटीत तळाशी लपवायची. रिडलच्या कपाटातल्या डब्यातही असंच चोरलेलं: यो-यो, अंगुस्तान, माउथ ऑर्गन. तिची पेटी उघडली गेली तेव्हा बाईंनी हात उगारला नाही. सगळं ज्याचं त्याला द्यायला लावलं आणि रात्री तिला जवळ बसवून वेणी घातली. आज ती नर्स आहे.

जादूच्या शाळेतून रिडलला भेटायला आलेल्या डंबलडोर या शिक्षकानेही वस्तू परत कर म्हणून सांगितलं, पण आधी कपाट पेटवून दाखवलं. अकरा वर्षांच्या पोराला! रिडलवर गोष्ट लिहायचीच तर डंबलडोर गेल्यावर त्या खोलीत काय झालं, तिथून सुरू करा.